भिजवलेला कोंडा

२००५ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि वसईजवळच्या होळी गावातली आमची वाडी अजून स्वतःच्या हातांनी करत होतो. मेथी, पालक, मुळा, लाल माठ, कोथिंबीर. बायको माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती मिठागराकडच्या गावातली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी पाण्याला पानीच म्हणायची. मी जुड्या बांधायच्या आणि तिने टोपलीत रचून वसईच्या बाजारात न्यायच्या, असं आमचं चालत आलेलं. मी तिसरी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही, पण बाजारात तिच्याशी बोलण्यात कोणी जिंकल्याचं माझ्या कानावर नाही.

त्या वर्षी गणपतीत एका दुपारी तिच्या छातीत भरून आलं, दरदरून घाम सुटला. पित्त असेल म्हणून ती कोकम प्यायली आणि थोडं पडून परत मोदक वळायला बसली. तेव्हापासून दम लागायला लागला. दिवाळीला तिचा बाजार सुटला, जुड्या मीच न्यायला लागलो. डिसेंबर उजाडेपर्यंत अशी गत झाली की स्वयंपाकघराच्या दारापासून बावखलापर्यंत, माझ्या पावलांनी साठ पावलं, तेवढ्यात ती दोनदा टेकायची. पाय सुजायचे. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा.

बावखल म्हणजे आमच्याकडचं खोदलेलं तळं. वाड्यांची सगळी शिंपणी त्याच्यावर. आमचं बावखल आमच्या आणि शेजाऱ्याच्या वाडीच्या मध्ये आहे. त्याचा विषय पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मुलगा चंदनसारला फ्लॅट घेऊन राहतो. त्याने वसईत हृदयाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बाई तरुण होत्या. आधी छातीला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या. म्हणाल्या, "आजींना मागे कधीतरी अटॅक येऊन गेलाय, आजोबा."

"तिला पित्त झालं होतं. आणि तुमचे आजोबा कोण ते मला ठाऊक नाही."

"बरं, काका," बाई हसून म्हणाल्या, आणि बायकोला डाव्या कुशीवर निजवलं.

मुलाला बाहेर बसवून मी आत उभा राहिलो. बाई नको म्हणत होत्या, तरी राहिलो. छातीवर गार चिकट मलम लावून त्यांनी मशीनच्या वायरीची मूठ त्यावर फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर हातपंख्यासारखा आकार उमटला आणि त्यात नुसतं करडं-करडं हललं. ओला पेंढा पेटवला की जसा धूर होतो, तसं. बाई कधी बरगड्यांच्या मध्ये दाबत, कधी खाली पोटाकडून बघत. "श्वास सोडा. धरून ठेवा. सोडा." बायकोला धरून ठेवायला श्वासच पुरत नव्हता. अर्धा तास झाला. बाईंच्या कपाळावर घाम आला.

"चित्र येत नाही," त्या म्हणाल्या. "अंग जड आहे, आणि चुलीच्या धुराने फुप्फुसं फुगलीत, ती मध्ये येतात. मशीनच्या आवाजाच्या लाटा हवेतून पुढे जात नाहीत."

"मशीन जुनं असेल."

"गेल्या वर्षीचं आहे, काका. हृदयाचं टोक मला दिसत नाहीये. तिकडची भिंत हलते का, तिथे काही साचलंय का, यावर औषध ठरणार. मी अंदाजाने लिहिणार नाही. मुंबईत एका इस्पितळात शिरेतून एक औषध देऊन हीच तपासणी करतात. त्यात अगदी बारीक बुडबुडे असतात. ते रक्ताबरोबर हृदयात गेले की आतली पोकळी उजळते आणि भिंती स्पष्ट दिसतात."

बुडबुडे म्हटल्यावर मी चमकलो. मागे काविळीत मला सलाईन लावलं होतं. नळीत बारकासा बुडबुडा दिसला तरी नर्स टिचकी मारून मारून तो बाहेर काढायची. विचारलं तर म्हणाली, हवा शिरेत गेली की माणूस जातो. आणि या बाई मुद्दाम सोडा म्हणत होत्या. ते पण आजार बरा करायला नाही, नुसतं बघायला!

"औषध आजाराला देतात," मी म्हटलं. "फोटो चांगला यावा म्हणून नाही."

बाईंनी समजावून सांगितलं. हे बुडबुडे वेगळे, रक्तातल्या पेशीपेक्षा लहान, त्यांना पातळ कवच असतं, थोड्या वेळात विरतात. क्वचित कोणाला त्रास होतो, म्हणून नंतर लक्ष ठेवतात. मी ऐकलं आणि नाही म्हणालो. बायको पलंगावर बसून छातीवरचं मलम पुसत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. बाईंनी विचारलं नाही आणि मी तर नाहीच. सूज उतरायच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. अहवालात खाली लिहिलं होतं की चित्र अपुरं आहे. गावात कोणी विचारलं की मी सांगायचो, बाईंचं मशीन बरोबर नाही.

मुलगा रोज फोन करायचा. मी उत्तर एकच द्यायचो. तो एकदा चिडून म्हणाला, "बाबा, हृदय आईचं आहे." मी फोन ठेवला.

याच दिवसांत बावखलाचं पाणी उतरायला लागलं. हिवाळ्यात थोडं उतरतंच, पण हे रोज दोन बोटं उतरत होतं. असंच चाललं असतं तर होळी पौर्णिमेच्या आधी तळ दिसला असता. मला कारण माहीत होतं. शेजाऱ्याच्या बाजूच्या बांधात खेकड्यांनी बिळं केली होती आणि तो लक्ष देत नव्हता. मी तसं त्याला सांगितलं. तो माझ्याहून लहान, भाऊ म्हणतो.

"भाऊ, बीळ असेल तर हात घालून दाखवा. खेकडा निघाला तर कालवण तुमच्या घरी."

"तुझा बांध तू बघ."

"बघितला. तुमचा तुम्ही बघितलात का?"

चाळीस वर्षं त्या काठावर उभा राहिलेल्या माणसाला हा असं विचारत होता. चिकणमाती मळून मीच त्याच्या बांधाची तीन बिळं बुजवली. पाणी उतरतच राहिलं. आणखी दोन बुजवली. बायको केळीखाली पाटावर बसून बघत होती. ती मला म्हणाली, "अवो, कोंडा सोडा ना. मामंजी सोडायचे."

माझे वडील सोडायचे हे खरं. पाणी कुठून जातंय कळत नसलं की भाताचा कोंडा रात्रभर भिजवायचा. कोरडा कोंडा कामाचा नाही, तो वरच्या वर तरंगतो आणि वारा नेईल तिकडे जातो. भिजलेला कोंडा ना वर राहतो ना तळाला बसतो, पाण्यात अधांतरी लोंबकळतो. मग पंप बंद ठेवून, पाणी स्थिर झालं की सकाळी तो चारी बाजूंनी हलक्या हाताने सोडायचा आणि गप्प बसून बघायचं. पाण्याची ओढ जिकडे, तिकडे कोंडा. आपल्या मनात काय आहे याच्याशी कोंड्याला काही देणंघेणं नसतं.

"कोंडा ज्याला कळत नाही त्याला," मी तिला म्हटलं. "मला दिसतंय."

"दिसतंय तर पानी का उतरतंय?"

आणखी चार दिवस गेले. पायरीचा जो दगड माघात उघडा पडतो, तो पौषातच उघडा पडला. त्या रात्री मी घमेल्यात कोंडा भिजत घातला. तिला सांगितलं नाही, पण घमेलं तिच्याच मोरीत होतं.

सकाळी वारा नव्हता. मी कोंडा सोडला आणि शेजाऱ्याच्या बांधाकडे तोंड करून बसलो. तिथे कोंडा होता तिथेच होता. बायको केळीखालून म्हणाली, "मागं बघा."

कोंडा माझ्या बाजूला चालला होता. सावकाश, रांग धरून, पंपाच्या चौथऱ्याकडे. हा चौथरा दोन वर्षांपूर्वी मीच सिमेंट कालवून बांधला होता. गवंडी नको म्हणून सांगितलं होतं. त्याच्या खालच्या कोपऱ्याशी कोंडा मुठीएवढा भोवरा करून आत जात होता. मी पाण्यात उतरून पाय लावला. घोटा ओढला गेला.

शेजारी पलीकडच्या काठावर दात घासत उभा होता. त्याने सगळं बघितलं आणि चूळ भरून घरात गेला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मी वर आलो. बायको म्हणाली, "कोंडा टाकायच्या आधी तुमी पान्याला इचारलं का, टाकू का म्हनून?"

"काय बोलतेस?"

"नाय इचारलं. पानी काय बोलनार? पन मला तोंड हाय. मला बी कोनी इचारलं नाय." तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. "आत काय चाललंय ते मला कळू दे. बुडबुडे तर बुडबुडे. तुमच्या सिमेंटपेक्षा बरे असतील."

मी अंग पुसलं, आत जाऊन मुलाला फोन लावला. "गाडी ठरव. मुंबईला जायचंय."

"बाबा, तयार कसे झालात?"

"गाडी ठरव म्हटलं ना."

आठवड्याभरात तारीख मिळाली. तेवढ्या दिवसांत चौथरा फोडून, खालची पोकळी चिकणमातीने ठासून मी पाणी थांबवलं. शेजारी फावडं घेऊन न बोलावता आला आणि न बोलता गेला.

मुंबईच्या त्या इस्पितळात एक कागद पुढे आला. सगळा इंग्रजी. मी म्हटलं, वाचून दाखवा, न वाचता मी सही करत नाही. तिथला डॉक्टर मराठी होता. त्याने बसून मराठीत सगळं सांगितलं. कोणाला पाठीत दुखतं, कोणाला अंगावर गांधी उठतात, फार क्वचित श्वासाचा मोठा त्रास होतो, त्यासाठी औषधं आणि माणसं खोलीत तयार असतात. मी पेन मागितलं.

"तुमची नको, काका. पेशंट शुद्धीवर आहेत. त्यांची हवी."

"तिला येत नाही सही."

"मला अंगठा हाय," बायको म्हणाली. तिने शाईच्या गादीवर अंगठा टेकवला आणि कागदावर असा दाबला की खालच्या पानावर पण उमटला असेल. मग पदराला शाई पुसत डॉक्टरला म्हणाली, "यांना आत उभं राहू द्या. नायतर घरी जाऊन माजं डोकं खातील."

आधी साधी तपासणी केली. तोच ओल्या पेंढ्याचा धूर. मशीन आमच्या घराएवढ्या किमतीचं वाटत होतं, तरी धूर तोच. वसईच्या बाईंच्या मशीनला मी गावभर नावं ठेवली होती, ती मनातल्या मनात परत घेतली. मग डॉक्टरने एक बारकी बाटली हलवली. आत दुधासारखं पांढरं पाणी. तिच्या हाताच्या शिरेत सुई होतीच, त्यातून ते हळूहळू सोडलं.

मी विचारलं, "नुसतं सलाईन हलवून बुडबुडे होत नाहीत का?"

"होतात. पण ते फुप्फुसात विरतात, डाव्या बाजूला पोचतच नाहीत. आपल्याला बघायचंय ते डावीकडे. म्हणून हे कवचाचे."

म्हणजे कोरडा कोंडा आणि भिजलेला कोंडा. मी मान हलवली.

पडद्यावर आधी एका बाजूचा कप्पा पांढरा झाला. थोड्या ठोक्यांनी दुसरा उजळला. जिथे धूर होता तिथे आता काठ होते. बावखलात सकाळचं ऊन उतरलं की काठ दिसतात, तसे. पांढरं आतमध्ये गरगर फिरत होतं. एका बाजूची भिंत आत-बाहेर होत होती. खालच्या टोकाकडची नुसती होती. आणि अगदी टोकाशी, पांढऱ्याच्या मध्ये, वालाच्या दाण्याएवढी काळी जागा.

"भोक," मी म्हटलं. "तिथून जातंय."

डॉक्टर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "काका, बोलू नका."

त्याने चार-पाच वेळा ती जागा वेगवेगळ्या बाजूंनी बघितली. मग मशीन थांबवलं आणि माझ्याकडे वळला. "भोक असतं तर बुडबुडे तिथून बाहेर गेले असते. हे उलट आहे. ते त्या जागी जाऊच शकत नाहीत. तिथे आधीच काहीतरी बसलंय. रक्ताची गुठळी आहे."

आठ दिवसांत मी दुसऱ्यांदा चुकलो होतो. बायको कुशीवर पडल्या पडल्या म्हणाली, "यांना सगळीकडं भोकच दिसतंय हल्ली."

अटॅकने भिंतीचं ते टोक मेलं होतं. हलत नव्हतं म्हणून रक्त तिथे साकळलं होतं. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला असता तर अर्धं अंग गेलं असतं, नाहीतर सगळीच गेली असती. गणपतीपासून ती ते घेऊन फिरत होती. त्यातला जवळजवळ महिना माझ्यामुळे. डॉक्टरने हे काही म्हटलं नाही. मी हिशेब केला.

पुढचं सांगून टाकतो. तीन महिन्यांनी परत तसेच बुडबुडे सोडून बघितलं, तेव्हा काळा दाणा नव्हता. ती त्यानंतर नऊ वर्षं होती. मी एकदा त्या डॉक्टरला विचारलं, त्या दिवशी चित्र स्पष्ट दिसलं म्हणून ती वाचली का? तो म्हणाला, "काका, चित्राने कोणी वाचत नाही. चित्र बघून जे औषध दिलं त्याने वाचतो. आणि ते दिलं नसतं तर काय झालं असतं, हे मी छातीठोक सांगणार नाही." वसईच्या बाईही अंदाजाने लिहायला तयार नव्हत्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता अशी माणसं बरी वाटतात.

पण त्या दिवसाचं अजून राहिलंय. अर्धा तास तिला बसवून ठेवलं. काही त्रास झाला नाही. मग डॉक्टरने रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्या. दर काही दिवसांनी रक्त तपासायचं, कुठे कापलं, नाकातून रक्त आलं तर लगेच सांगायचं. शेवटी त्याने विचारलं, "पालेभाजी किती खाता?"

बायकोला हसू आवरेना. "वाडीवाल्यांना पालेभाजी किती खाता इचारतो हा!"

"नाही आजी, नीट सांगा. या गोळीचं आणि पालेभाजीचं जमत नाही. पालेभाजी जास्त झाली की गोळीचा जोर कमी. एकदम बंद केली की गोळीचा जोर जास्त, मग रक्त वाहायची भीती. खा, पण रोज सारखीच. आज परातभर आणि उद्या काहीच नाही, असं चालणार नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या घरात नेमकं तेच चालायचं. वाडीवाल्याचा नियमच तो. चांगला माल बाजाराला, उरेल ते घराला. बाजार चांगला गेला की आमच्या ताटात बटाटा, नाहीतर सुकट. बाजार पडला की तीन-तीन दिवस मेथी आणि माठ, सकाळ-संध्याकाळ. माझ्या वडिलांनी तसंच खाल्लं, त्यांच्या वडिलांनीही. वाडीतली पहिली जुडी घरात गेल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. तसं करणाऱ्याला आमच्यात खादाड म्हणतात.

"रोज किती?" मी विचारलं.

डॉक्टरने मूठ वळून दाखवली. "शिजवलेली, एवढी."

मी त्याची मूठ बघितली. मग बायकोला म्हटलं, तुझी मूठ वळ. तिची लहान होती. डॉक्टर म्हणाला, "त्यांचीच धरा."

गाडीत ती झोपली. मुलगा पुढे बसून गोळ्यांचे कागद वाचत होता. मी माझ्या हातात तिची मूठ किती होते ते बघत आलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजाऱ्याच्या बायकोने डबा आणून ठेवला होता. उघडला तर लाल माठ. तो आम्ही दोघांनी खाल्ला नाही. मुलाने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजाराच्या जुड्या बांधायच्या आधी, मी पालकाच्या पहिल्या वाफ्यात बसलो. पानं निवडून खुडली. शिजून तिच्या मुठीएवढी होतील तेवढीच घेतली, कमी वाटली म्हणून दोन घातली, जास्त वाटली म्हणून एक काढली. केळीच्या सोपटाने जुडी बांधली, बावखलात बुडवून निथळली आणि टोपलीत न टाकता स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली. मग परत येऊन बाजाराच्या बांधायला घेतल्या.